डास खाणारे मासे

दिपालीनं बाटलीतला मासा थावराच्या तळहातावर सोडला तेव्हा त्याला आधी ओळखच पटली नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा, राखाडी, बुळबुळीत जीव हातावर उलटापालटा होत होता. पोटाशी एक काळा डाग. भोवती पंधरा-वीस माणसं माना पुढं काढून उभी. "घाबरू नका काका, चावत नाही तो," दिपाली म्हणाली, तसं मागं कुणीतरी हसलं. मग तिनं बोटाच्या टोकानं माशाचं पोट अलगद दाबलं आणि त्याच्या मागून एक बारीक पारदर्शक धागा बाहेर आला. धाग्याला दोन डोळे होते. मग दुसरा आला, मग तिसरा. तळहाताच्या रेषांमधल्या थेंबभर पाण्यात ते वळवळायला लागले. "बघा, ही मादी आहे. अंडी घालत नाही, जिती पिल्लंच घालते," दिपाली शाळेत सांगावं तसं सांगत होती. तेव्हा थावराला ओळख पटली. पोटातून काहीतरी आंबट सरळ घशाशी आलं. त्यानं हात झटकला. मासा काठावरच्या चिखलात पडला, पिल्लं कुठं गेली ते दिसलंच नाही, आणि तो हात पँटीला पुसायला लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

"काय झालं बापू?" शिलानं दबक्या आवाजात विचारलं.

"काय न्हाई. बुळबुळीत लागलं."

"लोक बघून राहिले."

लोक बघत होतेच. शिला ही त्याची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, हिंगोलीतल्या एका खाजगी शाळेत शिक्षिका. ह्या फेरीचं तिनंच काढलं होतं. रविवारी सकाळी तळ्याभोवती निसर्गफेरी, एक बाई माहिती सांगणार, पक्षी दाखवणार. घरात बसून बसून तुमाला गंज चढून राहिला बापू, चला, चार माणसांत मिसळा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि थावराला चार माणसांत मिसळायची हौस नव्हती. पण पोरगी स्कूटी चालू करून दारात उभी राहिली तेव्हा तो मुकाट्यानं मफलर गुंडाळून मागं बसला. तळ्यावर आल्यापासून त्याचं डोकं उठलं होतं. पाण्यावर जलपर्णीचा जाडजूड हिरवा थर, त्यात अडकलेल्या बाटल्या, थर्माकोल, काच फुटलेल्या देवाच्या तसबिरी, फुगलेली एक उशीची खोळ. गावाचा नाला जिथं तळ्यात उतरतो तिथं पांढरा फेस साचलेला आणि त्या फेसावर सकाळचं कोवळं ऊन पडून तो चक्क चमकत होता. त्याचेच फोटो लोक काढत होते. वास असा की श्वास तोंडानं घ्यावा तर तो जिभेला लागायचा. आणि ह्या वासातच उभं राहून सगळ्यांनी कागदी कपातून चहा प्याला, बिस्किटं खाल्ली. सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष अमृतराव बिस्किटाचा चुरा मिशीत ठेवूनच बोलत होते. थावराला त्यांच्या मिशीकडे बघवत नव्हतं आणि नजरही तिथून हलत नव्हती. दिपालीनं प्रत्येकाच्या छातीवर एकेका पक्ष्याच्या नावाचं कागदी चिटोरं लावलं होतं. अमृतराव गरुड होते. थावरा ढोकरी होता, चिखलातला मळकट बगळा.

दिपालीनं चिखलातला मासा पुन्हा बाटलीत टाकला. जवळा बाजार गावची पोरगी, पंचवीस-सव्वीसची, प्राणिशास्त्र शिकलेली, कॉलेजात तासांवर शिकवायची. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ती बिनदिक्कत त्या घाणीत उतरत होती आणि तिला किळस येत नव्हती, हे थावराला सगळ्यात विचित्र वाटलं. "हे मासे आपले नाहीत," ती सांगत होती. "बाहेरच्या देशातून आलेले. कुणीतरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ह्या तळ्यात सोडले, डासांच्या अळ्या खातील म्हणून. ह्यांनी बेडकाची अंडी खाल्ली, बेडकाची पिल्लं खाल्ली, आपले गावठी बारके मासे संपवले. काही नसलं की स्वतःची पिल्लंसुद्धा खातात. आता मला सांगा, मागच्या दहा वर्षांत पावसाळ्यात ह्या तळ्यावर बेडूक ओरडलेला कुणी ऐकलाय?"

कुणी ऐकला नव्हता. "आधी झोपू देत नसत," अमृतराव म्हणाले. "मी नवीन बदलून आलो तेव्हा इथं जवळच राहायचो. असला कालवा! काय अकलेचे कांदे असतात एकेक. मासे सोडले म्हणे!"

कुणीतरी. हा शब्द थावराच्या कानात माशीसारखा बसला. त्याला आठवत होते ते कॅन. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता झालेला. हिवतापाच्या कामावरची माणसं परभणीकडं तोंड करून असायची आणि मासे परभणीहून यायचे, तोंडाला ओलं फडकं बांधलेल्या कॅनमधून, जीपच्या मागच्या बाजूला हिंदकळत. थावरा राठोड, क्षेत्र कर्मचारी. सायकल, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुया, कापूस आणि क्लोरोक्वीनच्या गोळ्या. घरोघर जायचं, ताप आलेल्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, दारावर गेरूनं तारीख लिहायची. तांड्यावरचं पोरगं सरकारी नोकरीत लागलं म्हणून सेनगावाकडच्या त्याच्या तांड्यात त्याला मोठा मान होता. मासे आले तेव्हा साहेबांनी सगळ्यांना गोळा करून एका काचेच्या बरणीत अळ्या सोडल्या, त्यात दोन मासे सोडले, आणि सगळ्यांच्या देखत मिनिटाभरात बरणी साफ झाली. लोक टाळ्या पिटायला लागले. थावरा टाळ्या न वाजवता बरणीला नाक लावून बघत राहिला होता. मासा अळीच्या मागं जायचा, तोंड उघडायचा, अळी नाहीशी. पुन्हा अळी, पुन्हा नाहीशी. इतकं सुंदर त्यानं आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. आणि आत्ता तेच तोंड, तोच काळा डाग तळहातावर पाहून त्यानं हात झटकला होता. तेव्हा सुंदर काय होतं आणि आता घाण काय झालं? मासा तर तोच होता.

"मी सोडले," तो म्हणाला.

आपण हे मोठ्यानं म्हणालो हे त्याला शिलाच्या चेहऱ्यावरून कळलं. दिपाली वळली. "काय म्हणालात काका?"

"ह्या तळ्यात. ते मासे. मीच सोडले व्हते. हिवतापाच्या कामावर व्हतो मी."

एकदम चारपाच मोबाइल वर झाले. एका बाईनं "अय्या" म्हटलं. नवरा-बायकोचं एक जोडपं पुढं सरकलं, कारण मागून त्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता. थोड्या वेळापूर्वी तिकडच्या लांब पायांच्या शेकाट्या पक्ष्यांकडे लोकांनी असेच मोबाइल वर केले होते. हे सगळे चेहरे थावराला ओले, मऊ, उघड्या तोंडांचे दिसले. काहीतरी खायला मिळणार आहे अशी तोंडं.

"पण काका," दिपालीनं अगदी हळू, आदरानं विचारलं, आणि तो आदर त्याला जास्त झोंबला, "नैसर्गिक तळ्यात सोडायचे नाहीत, असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"आमी काय, साधी मानसं," थावरा म्हणाला. "वरून पत्र आलं व्हतं. पत्रात व्हतं तसं केलं."

ते बोलणं इतकं सहज बाहेर पडलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आणि लगेच भोवतालच्या माणसांचे खांदे सैल झाले. "मग बराबर आहे," अमृतराव म्हणाले. "ह्यांचा काय दोष? वरून आलं की करावं लागतं. सरकारी कामच असं." कुणी म्हणालं, सगळा वरचा गलथानपणा. कुणी म्हणालं, बिचारे. मोबाइल खाली आले. शिलानं त्याच्या दंडाला हात लावला; तिचा हात गरम होता आणि त्यात सुटल्याचा आनंद होता. थावराला वाटलं, आपण तोंडात काहीतरी सडकं धरून उभे आहोत आणि ही सगळी माणसं म्हणतायत, चावा, चावा, गिळून टाका.

फेरी पुढं निघाली. काठाची पायवाट नगरपालिकेनं मध्ये कधीतरी फरशीची केली होती. फरश्या खालून उचलल्या गेल्या होत्या आणि फटींतून काळं पाणी पाय पडेल तसं पिचकत होतं. थावरा खाली बघत चालला. पत्रात काय होतं ते त्याला अजून अक्षरन् अक्षर पाठ होतं. मासे गावातल्या वापरात नसलेल्या विहिरी, हौद, टाक्या, कारंजी ह्यांतच सोडावेत. नदी, ओढा, तळं ह्यांत सोडू नयेत. खाली साहेबांनी निळ्या शाईनं रेघ मारली होती. तशी रेघ मारलेलं दुसरं पत्र उभ्या नोकरीत त्यानं पाहिलं नव्हतं. आणि तरी त्या पावसाळ्यात तो रोज विहिरींच्या वाट्याचे थोडे थोडे मासे कॅनच्या बुडाशी ठेवून घ्यायचा आणि संध्याकाळी हिंगोलीतल्या आपल्या खोलीवर जाताना सायकल ह्या तळ्याच्या उतारावर लावायचा. बायका जिथं धुणं धुवायच्या तिथं दगडांच्या मध्ये पाणी साचलेलं असायचं आणि त्यात अळ्या लोंबकळत असायच्या, डोकं खाली, शेपूट वर. तो कॅन उपडा करायचा. "खा," असं म्हणायचा. कधी मनात, कधी तोंडानं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चार महिने. ते काम नव्हतं. काम असतं तर त्यानं नोंद केली असती.

नाल्याच्या पलीकडं जरा मोकळं पाणी होतं तिथं दिपाली थांबली. दोन टिबुकल्या पाण्यात डुबकी मारून कुठल्या कुठं वर येत होत्या, त्या तिनं दाखवल्या. लोकांनी दुर्बीण एकमेकांकडं फिरवली. थावराच्या मनात एकच प्रश्न घोळत होता आणि तो विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येणार नाही असं त्याला वाटलं.

"मॅडम, बेडकं गेली, मासे गेले, त्ये समजलं. पर डास तर कमी झाले असतील की."

दिपालीनं उत्तर द्यायच्या आधी एकदा शिलाकडं पाहिलं. "नाही काका. फार नाही. चतुराची पिल्लं, पाणकिडे, आपले बारके मासे, हे सगळे डासांच्या अळ्याच खात होते. ह्या माशांनी आधी त्यांनाच खाल्लं. विहिरीत, हौदात होतो थोडा उपयोग. तळ्यात…" ती थांबली. "आत्ता बघा ना, संध्याकाळी इथं उभं राहवत नाही."

त्याला हसू आलं. हसू म्हणजे घशातून एक आवाज आला. दर महिन्याच्या रजिस्टरात किती काचपट्ट्या, त्यांत हिवतापाच्या दोषी किती, हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. ते आकडे खाली आले होते, आणि इतकी वर्षं त्यानं ते खाली येणं ह्या तळ्याच्या नावावर धरलं होतं. पण फवारणी झाली होती, पुढं दोन वर्षं पाऊसही कमी होता, आणि ह्या तळ्यातला एकही डास पस्तीस किलोमीटर उडत जाऊन सेनगावच्या पलीकडच्या त्या तांड्यात पोचलेला नव्हता. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. डास किती लांब उडतो हे लोकांना सांगणं हाच तर त्याचा धंदा होता.

"पत्र व्हतं त्ये खरं," थावरा म्हणाला. "पर पत्रात तळं नव्हतं. तळ्यात सोडू नका म्हणूनच लिहिलं व्हतं. मगाशी मी खोटं बोललो."

"बापू," शिला म्हणाली.

"माझी पोरगी गेली व्हती त्याच्या दोन महिन्याआधी. हिवतापानं. सा वर्षांची. म्हणून सोडले."

ह्या वेळी मोबाइल वर झाले नाहीत. लोकांनी डोळे दुसरीकडं वळवले. कुणी टिबुकल्यांकडं बघत होतं, कुणी बुटाच्या लेसकडं. अमृतराव दोनदा खाकरले. "अरेरे. म्हणजे भावनेच्या भरात झालं ते. समजू शकतो आम्ही," असं म्हणून त्यांनी थावराच्या पाठीवर दोनतीनदा थापटलं. त्या हाताला बिस्किटांचा वास येत होता. थावराला तो हात मनगटापासून धरून बाजूला करावासा वाटला. ह्यांना सगळंच समजतं. पत्र म्हटलं तरी समजतं, पोरगी म्हटलं तरी समजतं. एक फक्त दिपाली काही समजल्यासारखं करत नव्हती. ती बाटली घट्ट धरून उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता. "मी 'कुणीतरी' म्हणायला नको होतं," ती म्हणाली. मग ती बाकीच्यांना म्हणाली, "चला, पुढं बंधाऱ्याकडं जाऊ," आणि सगळे जवळपास घाईनंच पुढं गेले.

शिला थांबली. दोघं तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसली. बाकावर पक्ष्यांची शीट वाळलेली होती आणि कुणीतरी पान खाऊन पाठीशी पिचकारी मारलेली होती. शिला पदर सावरून टोकावर बसली. "मला एवढंच माहीत होतं की माझ्या आधी एक बहीण होती," ती म्हणाली. आईला ती याडीच म्हणे. "याडीला कधी विचारलं तर ती उठून जायची. तुमी कधी नावपण घेत नव्हते."

"केसली," थावरा म्हणाला. तीस वर्षांत हे नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं आणि आता ते दुसऱ्याच कुणाच्या मुलीचं असल्यासारखं वाटलं.

"मग तेव्हा औषध नव्हतं का मिळालं?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. तीस वर्षं तो ह्याच प्रश्नाच्या आसपास कुणाला येऊ देत नव्हता. औषध नव्हतं असं म्हटलं तर संपलं असतं. मगाशी पत्राच्या बाबतीत जमलं होतं तसंच सहज जमलं असतं. पण तोंडात अजून त्या खोट्याची चव होती.

"औषध माझ्याच पिशवीत व्हतं," तो म्हणाला आणि सांगायला लागला. सकाळची वेळ. तो रविवारचा तांड्यावर आला होता आणि सोमवारी त्याला सेनगाव तालुक्यातल्याच गोरेगावच्या बाजूला दोन दिवस ड्यूटी होती. जीप सेनगावहून नऊला सुटायची. त्यानं इस्तरी केलेला खाकी शर्ट घातला होता. केसलीला रात्रीपासून ताप होता. त्यानं गोळ्या काढल्या, चमच्यात चुरल्या, पाण्यात कालवल्या. क्लोरोक्वीन कडू असते, लई कडू, मोठ्या माणसाला ओकारी येते. त्यानं पोरीला मांडीवर घेऊन नाक दाबलं आणि चमचा तोंडात रिकामा केला. तिनं तो धरून ठेवला, गाल फुगवून, डोळे त्याच्याकडं लावून. आणि मग सगळं भसकन बाहेर आलं. गोळी, रात्रीची भाकर, पिवळं पाणी, सगळं त्याच्या शर्टावर, गळ्यावर, हनुवटीवर. वास आला. रोज लोकांचं रक्त काढणारा, उकिरड्यांमधून हिंडणारा, गटारांच्या कडेला वाकून अळ्या मोजणारा माणूस तो. त्याला कशाची किळस येत नसे. तेव्हा आली. स्वतःच्या पोरीची आली. त्यानं तिला मांडीवरून ढकललं आणि एक थोबाडीत दिली. "चांगली जोरात दिली," तो म्हणाला. "ती रडली न्हाई. नुसती बघत राहिली. मी शर्ट बदलला, पिशवी उचलली अन जीप धरली. म्हटलं, परत येऊन देतो. दोन दिवसांनी."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी झटके आले. सेनगावला नेताना जीपमधीच गेली."

त्यानं मान वळवून शिलाकडं पाहिलं. तिचे ओठ एका बाजूला ओढले गेले होते, नाकपुड्या आक्रसल्या होत्या आणि ती नकळत बाकाच्या आणखी टोकाला सरकली होती. रागावलेला चेहरा त्यानं सोसला असता. हा रागाचा नव्हता. तळ्याचा वास येतोय म्हणून, असं त्याला म्हणता आलं असतं, पण ती तळ्याकडं बघत नव्हती. त्याला त्या चेहऱ्याचं वाईट वाटलं नाही. उलट कुणीतरी हिशेब न मांडता, समजून न घेता, आपल्याला एकदा नीट पाहिलं असं वाटलं. बंधाऱ्याच्या बाजूनं टाळ्यांचा आवाज आला. फेरी संपली असावी. छातीवरचं ढोकरीचं चिटोरं त्यानं काढून खिशात कोंबलं. "घरी चला," शिला पलीकडं बघत म्हणाली.

स्कूटीवर ती पुढं ताठ बसली आणि तो मागं गादीच्या दांडीला धरून, तिचा स्पर्श होणार नाही असा. रविवारचा बाजार भरत होता. मेथीच्या जुड्या, मासळीच्या टोपल्या, टोपलीवर घोंघावणाऱ्या माशा, तेलात तळणारी भजी. सगळ्याचा एकच वास होऊन त्याच्या घशात बसला होता. दोनदा त्याला वाटलं गाडी थांबवायला सांगावी आणि रस्त्याच्या कडेला ओकून टाकावं. पण पोटातून काही येत नव्हतं.

थावराची बायको रुख्मिणीबाई ओट्यावर उन्हात सूप घेऊन तूर निवडत होती. बासष्टीची बाई, हातावर हिरवं गोंदण, केस अजून काळे. कोपरापर्यंत बांगड्या घालायचं तिनं शहरात आल्यावर सोडलं होतं. घरात ती दोघं गोरमाटी ह्या आपल्या बंजारा बोलीतच बोलत. शिलानं स्कूटी लावली, चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "याडी, केसलीला बापूंनी मारलं होतं, तुला ठाऊक होतं?"

रुख्मिणीबाईचा हात तुरीतून फिरत होता तो फिरतच राहिला. तिनं एक खडा उचलून खाली टाकला. "व्हय," ती म्हणाली. "मी दारातच तर व्हते."

थावरा पायरीशीच थांबला. ती दारात होती? त्याला मांडीवरची पोर आठवत होती, चमचा, शर्ट, वास. दारातली बायको त्या सकाळीत कधीच नव्हती.

"मग तू काही बोलली न्हाईस?" शिलाचा आवाज चढला. "तीस वर्षं?"

"काय बोलू? ह्ये गेले, त्या दुपारी जरा उतरला व्हता ताप. उठून बसली. म्हणली, याडी, बापूला बोलीव. आता थुकत न्हाई मी, गिळते." रुख्मिणीबाईनं सूप एकदा झटकलं. "गोळ्या पिशवीत व्हत्या. पिशवी ह्येंच्या खांद्याला."

ओट्यावर ऊन होतं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. थावरा पायरीवर खाली बसला. गिळते म्हणाली. पोर गिळायला तयार झाली होती. हे वाक्य तीस वर्षं ह्याच घरात होतं, त्याच्यासोबत जेवत होतं, त्याच्यासोबत तांड्यावरून हिंगोलीला आलं होतं, आणि त्याला त्याचा वाससुद्धा आला नव्हता.

"मला काहून सांगितलं न्हाईस?" त्यानं विचारलं.

आता रुख्मिणीबाईनं मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता. दयाही नव्हती. एखाद्या गोष्टीचा मनापासून कंटाळा आलेला माणूस बघतो तशी ती बघत होती. "तुमी आले तेव्हा लेकरू ओट्यावर ठेवलं व्हतं," ती म्हणाली. "मानसं बसली व्हती. तुमी तिच्याकडं पाह्यलं न्हाई. फवारणीचा पंप घेतला अन सरळ घरात शिरले. भिंती फवारल्या, कणगी फवारली, तिच्या अंथरुणावर फवारलं. आतून पांढरं पानी उंबऱ्याबाहेर आलं. शेजारच्या धर्मसिंगभाऊनं तुमाला दंडाला धरून भाईर काढलं. त्याच्यानंतर तुमी फवारूनच राहिले. मासे सोडले, गोळ्या वाटल्या, गावोगाव हिंडले. ती काय म्हणली, कशी गेली, एकदा तरी इचारलं का तुमी?"

त्यानं विचारलं नव्हतं. त्याला ते घर फवारणंही आठवत नव्हतं. ती सांगत होती म्हणजे झालं असणार.

शिला दाराला टेकून उभी होती. तिनं डोळे पुसले आणि आत गेली, पण स्वयंपाकघरात गेली नाही, दाराच्या आडच थांबली असावी, कारण भांड्याचा आवाज आला नाही.

थावराच्या तोंडात पाणी सुटत होतं, कडू. आत्ता उठून न्हाणीत जावं, तोंड धुवावं, मग अंथरुणावर पडून डोक्यावरून पांघरूण घ्यावं, दोन दिवस कुणाशी बोलू नये, हे सगळं त्याला करता आलं असतं आणि कुणी काही म्हटलं नसतं. त्यानं ते कडू पाणी गिळलं.

"अजून काय म्हणली ती?" त्यानं विचारलं.

रुख्मिणीबाईनं सूप बाजूला सारलं, लुगड्यावरचा तुरीचा भुसा झटकला आणि ओट्यावर आपल्या शेजारी हातानं जागा केली.

"वर येऊन बसा," ती म्हणाली. "लई बोलली ती त्या दुपारी."